सहा आठवड्यांची गाडी

गेल्या वर्षी जुलैच्या १२ तारखेला आम्ही गाडी नोंदवली. छोटीच, चार मीटरच्या आतली, हजार सीसीच्या पेट्रोल इंजिनाची. शोरूममधल्या मुलानं अकरा हजारांची पावती हातात दिली आणि म्हणाला, "सहा आठवडे धरा, सर. जास्तीत जास्त सहा." त्या सहाचे अठरा झाले. मधल्या काळात काय काय घडलं ते लिहून काढा, असं अम्मींनीच सुचवलं. कारण आमच्यानंतर मोहल्ल्यातल्या आणखी तीन घरांनी गाडी नोंदवली आहे आणि प्रत्येक जण विचारायला आमच्याकडे येतो. दर वेळी चहा टाकण्यापेक्षा एकदाच लिहिलेलं बरं, असं त्यांचं म्हणणं.

आम्ही म्हणजे आम्ही दोघं नवरा-बायको, दोन मुलं, अब्बा आणि अम्मी. घर चिपळूणजवळ. अब्बा एस.टी.त ड्रायव्हर होते. १९८० साली लागले, २०११ साली निवृत्त झाले. कुंभार्ली घाट त्यांनी किती वेळा चढला-उतरला याचा हिशेब नाही. मुंबईची रातराणी घेऊन ते कशेडीच्या वळणांवरून जायचे तेव्हा आम्ही घरी झोपलेलो असायचो. एवढ्या वर्षांत स्वतःच्या मालकीची चारचाकी मात्र त्यांनी कधी चालवली नाही. होती ती एक स्कूटर, तिच्याबद्दल पुढे सांगतो.

अब्बांच्या लायसनची मुदत २८ नोव्हेंबरला संपत होती. पुन्हा करून मिळालं असतं. पंचावन्न ओलांडलेल्यांना ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं, डॉक्टरांचं प्रमाणपत्र तेवढं जोडावं लागतं. पण अब्बांनी कधीच सांगून टाकलं होतं की हे लायसन संपलं की स्टिअरिंगला हात लावणार नाही. दोन्ही डोळ्यांच्या मोतीबिंदूची ऑपरेशनं झालेली, दिवसा चष्म्यानं स्वच्छ दिसतं, तरीसुद्धा. "मला अजून जमतं" असं म्हणत राहिलेल्या एका जुन्या सोबत्याचं काय झालं ते त्यांनी पाहिलं होतं. तो विषय ते काढत नाहीत आणि आम्हीही विचारत नाही.

म्हणजे जुलैत नोंदणी, ऑगस्टअखेर गाडी, आणि अब्बांच्या वाट्याला तीन महिने. हा हिशेब घरातल्या प्रत्येकानं मनात मांडला होता. बोलून कुणीच दाखवला नाही.

गाडी घेण्याचं उघड कारण अम्मींचे गुडघे. एस.टी.ची पायरी त्यांना चढवत नाही आणि डेरवणच्या इस्पितळात महिन्यातून दोनदा जावं लागतं. रिक्षानं जाऊन-येऊन, वर तिथं थांबण्याचे पैसे, असं करत वर्षाचा आकडा बराच मोठा होत होता. आधी आम्ही जुनी गाडी पाहत होतो. पण चिपळूण भागात जुनी गाडी म्हटलं की २२ जुलै २०२१ चा पूर आठवतो. त्या दिवशी किती गाड्या छपरापर्यंत बुडाल्या ते आम्ही डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यातल्या किती धुऊन-पुसून, नवे गालिचे घालून बाजारात आल्या ते अल्लालाच ठाऊक. एका गाडीवर आमचं मन बसलं होतं. रंग चकचकीत, किंमत परवडणारी. अब्बांनी काही न बोलता पुढचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. आतल्या टोकाला मातकट रेघ होती. बेल्ट परत सोडून ते म्हणाले, "चला घरी." त्यानंतर नवीच घ्यायची असं ठरलं.

पैशांची गोष्ट उघडच सांगतो, कारण पुढचं बरंचसं त्यावरच घडलं. आमच्या दोघांची सहा वर्षांची शिल्लक होती, अम्मींची भिशी लागली होती, आणि कुवेतला असलेल्या आमच्या आपांच्या नवऱ्यानं एक लाख रुपये कर्जे-हसना म्हणून दिले. दोन वर्षांत परत करायचे, वर एक पैसाही नाही. व्याजाचा व्यवहार घरात नको, हे अब्बांचं पहिल्यापासूनचं मत. ज्यांना कर्ज घ्यावं लागतं त्यांना आम्ही कधी नावं ठेवली नाहीत. प्रत्येकाची अडचण वेगळी असते. पण सहा वर्षं थांबून जमवलेल्या पैशांनी गाडी घ्यायला गेलो आणि शोरूमच्या मुलाचा चेहराच उतरला, हे आम्हाला नवीन होतं. आमची समजूत, सगळे पैसे एकदम देणाऱ्याचं दुकानदार स्वागत करतो. तो मात्र म्हणाला, "सर, थोडं तरी लोन करा. नंतर फोडून टाका." कर्ज करून दिल्यावर बँकेकडून शोरूमला काही मिळतं, हे आम्हाला नंतर कळलं. आमच्यानंतर दोन आठवड्यांनी नोंदणी करणाऱ्या एका ओळखीच्या शिक्षकांना तेच मॉडेल आमच्याआधी मिळालं. त्यांचं कर्ज शोरूममधूनच झालेलं. यात काही संबंध होता असं आम्ही सिद्ध करू शकत नाही. आम्हाला वाटतं ते आम्ही लिहिलं.

(रोख म्हणजे नोटांची पिशवी नव्हे, हेही सांगून ठेवतो. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम नोटांत घ्यायला दुकानदाराला कायद्यानं मनाई आहे. सगळं बँकेतूनच द्यावं लागतं, आणि तेच बरं. प्रत्येक पैशाची नोंद राहते.)

सहा आठवड्यांतले पहिले चार मजेत गेले. अंगणात चिऱ्याचा गडगा होता, त्यातून गाडी आत येणार नव्हती. तो फोडून नऊ फुटांचं गेट केलं. एक पपईचं झाड काढावं लागलं; अम्मी दोन दिवस बोलल्या नाहीत. धाकट्यानं अंगणात खडूनं गाडीची लांबी-रुंदी आखली आणि त्या चौकोनात कुणी पाय ठेवला की हॉर्न वाजवायचा. अब्बा रोज संध्याकाळी असरनंतर तिथं खुर्ची टाकून बसत. कुठल्या बाजूनं आत घ्यायची, कशी वळवायची, हे ते हातानं हवेत करून पाहत.

स्कूटरची गोष्ट याच दिवसांत पुन्हा निघाली. मुलांना ती खोटीच वाटते. अब्बांनी १९८१ साली बजाजच्या स्कूटरसाठी नंबर लावला आणि स्कूटर दारात आली १९८७ साली. त्या काळी असंच होतं. कारखान्यानं किती गाड्या काढायच्या हे सरकारी परवान्यावर ठरायचं आणि मागणी त्याच्या कितीतरी पट. लोक आपला नंबर 'ऑन'वर विकायचे, म्हणजे गाडीच्या किमतीवर वरचे पैसे घेऊन. आणखी एक वाट होती: परकीय चलनात पैसे भरले की गाडी लवकर मिळायची. आमच्या मोहल्ल्यातल्या पहिल्या दोन स्कूटरी अशाच आल्या, आखातात माणूस असलेल्या घरांत. चाचा तेव्हा कुवेतला होते. ते पैसे भरायला तयार होते. अब्बांनी नको म्हणून कळवलं. का, ते आम्हाला कधी नीट समजलं नाही. अम्मींचं म्हणणं, मोठ्या भावाचे उपकार नको होते. अब्बांचं म्हणणं, नंबर लावलाय तर नंबरानं येईल. खरं काय ते त्या दोघांनाच ठाऊक.

छोट्या मोटारीचंही पुढं तसंच झालं. १४ डिसेंबर १९८३ रोजी दिल्लीत इंदिरा गांधींनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली तिच्या मालकाला दिली. त्या गाडीसाठी लोकांनी दहा-दहा हजार रुपये आधीच भरून ठेवले होते, आणि त्या वेळी दहा हजार ही केवढी रक्कम होती. २००९ मध्ये नॅनो आली तेव्हा दोन लाखांवर लोकांनी नोंदणी केली आणि पहिल्या एक लाख गाड्या कुणाला द्यायच्या ते सोडत काढून ठरवलं. हे सगळं ऐकून आमच्या मोठ्या मुलीनं विचारलं, "मग आता तर कारखाने भरपूर आहेत. आता का थांबायचं?" तिला द्यायला आमच्याकडे उत्तर नव्हतं. ऑगस्टच्या मध्यापासून तर शोरूमकडेही नव्हतं. फोन केला की "ट्रान्झिटमध्ये आहे, सर" एवढंच ऐकू यायचं. गाडी ट्रान्झिटमध्ये म्हणजे नेमकी कुठल्या गावात, असं अब्बांनी एकदा विचारलं. ज्या माणसानं ३१ वर्षं प्रत्येक थांब्याची वेळ लिहून दिली, त्याला हे उत्तर पटणार कसं?

पंधरा ऑगस्टला सकाळी टी.व्ही.वर पंतप्रधानांचं लाल किल्ल्यावरचं भाषण चालू होतं. दिवाळीपर्यंत जीएसटीत मोठा बदल करणार असं ते म्हणाले. त्यानंतरच्या दिवसांत बातम्या येऊ लागल्या की २८ टक्क्यांचा टप्पा काढून छोट्या गाड्या १८ टक्क्यांत आणण्याचा विचार आहे. ठरलेलं काहीच नव्हतं.

आणि २६ ऑगस्टला, गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशी, शोरूमचा फोन आला. गाडी आली आहे. उद्याच्या मुहूर्तासाठी धावपळ आहे, तुम्ही आजच पैसे भरा, वीस हजारांची सूट देतो.

आम्ही सगळे गेलो. गाडी अंगणात उभी होती. लाल. आम्ही पांढरी नोंदवली होती. अब्बांनी तिच्याभोवती एक फेरी मारली, टायरांवर हात फिरवला आणि उत्पादनाचा महिना-वर्ष विचारलं. मुलगा म्हणाला, "नवीनच आहे, चाचा." अब्बा म्हणाले, "बेटा, फॉर्म बावीस दाखव." हा कारखान्याचा कागद असतो आणि गाडी कधी बनली ते कागदांवर असतंच. बराच वेळ शोधून कागद आला. मार्च २०२५. पाच महिने ही गाडी कुठंतरी उभी होती. कुणीतरी नोंदवून नाकारलेली असावी.

मग तो मुलगा दुसऱ्या वाटेनं आला. लाल नको असेल तर हरकत नाही. आज बिल करू, पैसे भरून टाका, पांढरी आली की घेऊन जा, सूट मात्र आजची मिळेल. हे ऐकायला वाईट नव्हतं. आमच्यापैकी एकानं चेकबुक खिशातून काढलंसुद्धा होतं. दुसरीनं आधी मामूंच्या मुलाला फोन लावला. तो चिपळुणात एका करसल्लागाराकडे काम करतो. त्यानं सांगितलं ते सोप्या शब्दांत असं: कराचा दर बदलतो तेव्हा बिलाची तारीख, पैसे दिल्याची तारीख आणि माल मिळाल्याची तारीख, या तिन्ही पाहतात. यातल्या दोन जुन्या बाजूला पडल्या की कर जुनाच लागतो. म्हणजे बिल आणि पूर्ण पैसे आज झाले, तर गाडी दिवाळीत आली तरी कर आजचाच. "घाई का करतायत ते आता समजलं ना?" तो म्हणाला.

आम्ही दोन दिवस मागून घेतले आणि घरी आलो.

त्या रात्रीचं बोलणं आठवलं की अजून अवघड वाटतं. आमच्यापैकी एकाचं मत होतं, लालच घ्यावी, जास्तीचे पैसे गेले तर गेले. कारण शोरूमचा मुलगा निघताना जे म्हणाला ते खोटं नव्हतं: "कर कमी झाला तर रांग लागेल, सर. मग गाडी नव्या वर्षात मिळेल." नवीन वर्ष म्हणजे २८ नोव्हेंबरच्या पुढं. दुसरीचं मत होतं, थांबावं. फरक लहान नव्हता. आमच्या गाडीची मूळ किंमत पाच लाख. त्यावर तेव्हा २८ टक्के जीएसटी आणि एक टक्का सेस, म्हणजे सहा लाख पंचेचाळीस हजार. १८ टक्के झाला तर पाच लाख नव्वद. पंचावन्न हजार वाचणार. शिवाय महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर ११ टक्के एकरकमी वाहनकर आहे, तोही किमतीवरच बसतो. म्हणजे आणखी सहा हजार. एकूण एकसष्ट. वीस हजारांची सूट सोडली तरी चाळीस हजारांचा फरक उरतो. अब्बांना महिन्याला मिळणारं पेन्शन तीन हजारांच्या आत आहे. एस.टी.तून निवृत्त झालेल्यांच्या घरी हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

पण हे "झालं तर". न झालं तर? आणि ज्यासाठी आपण हे पैसे वाचवणार, त्याच माणसाला गाडी चालवायला मिळाली नाही तर?

हे बोलणं पडवीत, हळू आवाजात चाललं होतं. अब्बा आत होते. थोड्या वेळानं ते नोंदणीचा कागद आणि आपलं भिंग घेऊन बाहेर आले. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत अटी छापलेल्या असतात, आम्ही दोघांनीही सही करताना त्या वाचल्या नव्हत्या. अब्बांनी एका ओळीवर बोट ठेवलं. किंमत आणि कर गाडी ताब्यात देण्याच्या दिवशीचे लागू होतील, अशा अर्थाचं तिथं लिहिलं होतं. ही अट कंपन्या स्वतःसाठी घालतात. भाव वाढला तर ग्राहकानं वाढीव भाव द्यावा म्हणून. "ही काठी दोन्हीकडून धरता येते," अब्बा म्हणाले. मग आमच्यापैकी थोरल्याकडं वळून म्हणाले, "आणि तू माझ्यासाठी लाल गाडी घेऊ नकोस. मी एकतीस वर्षं लालच चालवली."

सगळे हसले. अम्मी हसल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी आम्ही शोरूमला लेखी कळवलं. नोंदवलेला रंग आणि अलीकडचं उत्पादन मिळेल तेव्हाच बिल करावं, पूर्ण पैसे तेव्हाच देऊ, आमचा नोंदणी क्रमांक अमुक, तारीख अमुक. हे ईमेलनं पाठवलं आणि एक प्रत देऊन पोच घेतली. तेव्हा ते जरा जास्तच वाटलं होतं. पुढं सगळं त्या पोचेवरच चाललं.

३ सप्टेंबरच्या रात्री जीएसटी परिषदेचा निर्णय आला. छोट्या गाड्या १८ टक्क्यांत, २२ सप्टेंबरपासून. मामूंच्या मुलानं रात्री अकराला फोन करून मुबारकबाद दिली. धाकटा झोपेतून उठून चौकोनात जाऊन हॉर्न वाजवून आला.

इथून पुढचे दिवस सर्वांत वाईट. शोरूमचा मुलगा खरा ठरला. २२ सप्टेंबरला नवा दर लागू झाला, त्याच दिवशी घटस्थापना, पुढं दसरा, मग दिवाळी. वर्षभर थांबलेले लोक एकाच महिन्यात गाडी घ्यायला बाहेर पडले. शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नाही. आमचा फोन कुणी घेईना. दसऱ्याच्या आधी आम्ही जाऊन उभे राहिलो तेव्हा सांगण्यात आलं की ऑगस्टमध्ये तुम्ही गाडी नाकारलीत, त्यामुळे तुमचा नंबर मागे गेला. आता डिसेंबरअखेर.

शोरूमवाल्यांचीही अडचण होती, हे मान्य. सेस भरून आणलेला माल अंगणात उभा आणि त्या सेसची वजावट नव्या करातून मिळणार नाही, असा त्यांचा त्या महिन्यांतला त्रास होता, आणि कारखान्यातून हव्या त्या गाड्या येतही नव्हत्या. काउंटरवरच्या पोरांना तर आठवड्याची सुट्टीही मिळत नव्हती. पण आमचा नंबर मागे का जावा? आम्ही आमची गाडी नाकारली नव्हती. आमच्या नावावर खपवली जाणारी दुसरीच गाडी नाकारली होती.

अब्बा या काळात गप्प होते. लायसनबद्दल एक शब्द नाही. आमच्यापैकी एकीनं एकदा म्हटलं, "अब्बा, लायसन पुन्हा करून घेऊ या ना. फॉर्म भरून देते." ते म्हणाले, "बेटी, गाडी उशिरा आली म्हणून माझं वय थांबलं का?"

सबुरीवर आपल्याकडे खूप बोललं जातं. आम्हालाही त्या दिवसांत येणारा-जाणारा हेच सांगत होता, सब्र करा, नशिबात असेल तेव्हा येईल. आम्हाला त्याचा राग यायचा. अब्बांनी १९८१ ते ८७ सब्र केला, कारण तेव्हा दुसरा इलाज नव्हता. आज कायदा आहे. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. तक्रार मराठीत सांगता आली. नोंदणीची पावती, रंगाचा उल्लेख, लाल गाडीचा महिना, आमचं पत्र आणि त्याची पोच, एवढं सगळं पाठवलं. त्याच वेळी कंपनीच्या ग्राहक विभागालाही तेच कागद धाडले आणि शेवटी एक ओळ घातली: पंधरा दिवसांत लेखी उत्तर न आल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाऊ. धमकी म्हणून नव्हे. फॉर्म खरंच आणून ठेवला होता.

नवव्या दिवशी शोरूमच्या व्यवस्थापकांचा फोन आला. आवाज वेगळा, "आपण", "कृपया". नंबर मूळ तारखेनुसार धरला जाईल. नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी.

बिल करायच्या दिवशी आणखी दोन गोष्टी झाल्या, त्या ज्यांना लवकरच शोरूममध्ये जायचंय त्यांच्यासाठी सांगतो. पहिली विम्याची. नव्या गाडीला तिसऱ्या व्यक्तीचा विमा तीन वर्षांचा घ्यावाच लागतो, स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा एक वर्षाचाही चालतो. शोरूमनं लिहून दिलेला आकडा एक्केचाळीस हजार होता. तेवढंच संरक्षण बाहेर एकोणतीस हजारांत मिळत होतं. "बाहेरचा घेतला तर गाडी द्यायला उशीर होईल" असं सांगून पाहिलं गेलं. विमा कुणाकडून घ्यायचा हे ग्राहकानं ठरवायचं असतं. आम्ही तसं म्हटल्यावर त्यांचाच आकडा तीस हजारांवर आला. (आरोग्य आणि आयुर्विम्याच्या वैयक्तिक पॉलिसींवरचा जीएसटी २२ सप्टेंबरपासून शून्य झाला आहे, पण गाडीच्या विम्यावर १८ टक्के कायम आहे. यात पुष्कळांचा गोंधळ होतो.) दुसरी गोष्ट, 'हँडलिंग' नावाचे साडेआठ हजार. आम्ही फक्त एवढंच म्हणालो, याची वेगळी छापील पावती द्या. ती ओळ कागदावरून नाहीशी झाली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. नंबर पडला होता, पाटी बसली होती. गाडी पांढरी, ऑक्टोबरमध्ये बनलेली. अब्बांनी चेसिस नंबर कागदाशी अंक-अंक जुळवून पाहिला, स्टेपनी काढायला लावली, जॅक आणि पाना मोजला, दिवे, वायपर, चारही काचा. पाऊण तास लागला. शोरूमचा तोच मुलगा पाठीमागून फिरत होता. शेवटी त्याला आमच्याइतकाच आनंद झालेला दिसला. तिथं प्रत्येक गाडीपुढं नारळ फोडतात. तो नारळ हातात घेऊन अडखळला, "चाची, तुमच्यात...?" अम्मींनी हात पुढं केला. "आण इकडे. सांदणाला उपयोगी पडेल."

मग अब्बा बसले. सीट पुढं-मागं केली, आरसे लावले, बिस्मिल्लाह म्हणून किल्ली फिरवली आणि थांबले. गाडी हलेना. आम्हाला वाटलं काही बिघडलं. धाकट्याला बरोब्बर कळलं. त्यानं मागच्या सीटवरून काचेवर दोनदा टकटक केलं. एस.टी.त कंडक्टरची डबल बेल झाल्याशिवाय ड्रायव्हर गाडी सोडत नाही.

नव्या गाडीत पेट्रोल जेमतेम पंपापर्यंत पुरेल इतकंच असतं. तिथून जुम्मा गाठला. पुढचे चौदा दिवस अब्बांनी सकाळी आमच्यापैकी एकीला शाळेत सोडलं, अम्मींना दोनदा डेरवणला नेलं, आपांच्या सासरी गेले, एकदा उगाचच कुंभार्ली घाट चढून वरून परत आले. त्यांच्याबरोबर शेजारच्या सीटवर बसून आमच्यापैकी एकीनं घाटातली गिअर टाकण्याची रीत शिकून घेतली. अब्बा शिकवताना ओरडत नाहीत. फक्त डॅशबोर्डवर बोटानं वाजवतात.

२८ नोव्हेंबरलाही शुक्रवारच होता. नमाजहून आल्यावर त्यांनी गाडी चौकोनात, खडूच्या रेघेला रेघ लावून उभी केली. मीटरवर ६३७ किलोमीटर झाले होते. ते त्यांनी वहीत तारखेसह लिहिले, जसे डेपोत लिहीत असत. मग किल्ली आमच्या हातात दिली आणि म्हणाले, मागच्या डाव्या चाकात हवा कमी वाटते, उद्या बघून घ्या.